खासदार म्हणाले 'लोकसभेत मांडतो', पुढे नक्की काय होतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या स्टेशनवर एक एक्स्प्रेस थांबायची, कोविडमध्ये गाड्या बंद झाल्या आणि परत सुरू झाल्या तेव्हा तो थांबा गेला तो गेलाच. तुम्ही लोकांनी सह्या गोळा करून खासदारांना निवेदन दिलं, त्याच निवेदनात तालुक्याच्या रस्त्याचा विषय पण घातला, ते म्हणाले "या अधिवेशनात लोकसभेत मांडतो", आणि हिवाळी अधिवेशन संपलं तरी ते त्यावर बोलताना कुठे दिसले नाहीत. उलट टीव्ही लावला की एकतर गोंधळ नाहीतर रिकामी बाकं. म्हणून तुम्ही वैतागून विचारलंय की हे लोक दिवसभर करतात तरी काय, आणि आमचा साधा थांब्याचा विषय मांडायला लागतं तरी काय.

मी बरीच वर्षं दिल्लीत खासदारांच्या ऑफिसात संसदेचंच काम बघतोय, म्हणजे प्रश्न ड्राफ्ट करायचे, नोटिसा टाकायच्या, भाषणाचे मुद्दे काढायचे, उत्तरं आली की ती मतदारसंघात पोचवायची. पक्ष सांगत नाही, त्याने फरक पण पडत नाही, ही यंत्रणा सगळ्यांना सारखीच आहे. तुमच्या खासदारांनी खरंच प्रयत्न केला की तुम्हाला गोड बोलून वाटेला लावलं हे मी इथून सांगू शकत नाही. पण ते तुम्ही घरबसल्या तपासू शकता, कसं ते खाली सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की सभागृहात उभं राहून बोलले तरच विषय मांडला. लोकसभेत विषय नेण्याचे बरेच मार्ग आहेत, त्यातले दोन-तीनच टीव्हीवर दिसतात आणि गोंधळ झाला की नेमके तेच आधी वाहून जातात. थांब्यासारख्या विषयाला जे मार्ग खरंच कामाला येतात ते बहुतेक कागदावरचे आहेत, ते टीव्हीवर दिसतच नाहीत.

दिवस कसा जातो ते आधी बघू. सकाळी ११ ला सभागृह भरतं. कोणी माजी सदस्य वारले असतील तर श्रद्धांजली, मग १२ पर्यंत प्रश्नोत्तराचा तास. १२ ला मंत्री आपापले कागद सभागृहाच्या पटलावर ठेवतात, समित्यांचे अहवाल येतात, एखादं विधेयक मांडलं जातं, आणि मग शून्य प्रहर, म्हणजे खासदारांनी तातडीचे विषय थोडक्यात मांडायची वेळ. १ ते २ जेवणाची सुट्टी. २ नंतर नियम ३७७ खालचे विषय, म्हणजे खासदारांनी आधी लेखी देऊन मांडायचे विषय, आणि मग सरकारी कामकाज, म्हणजे विधेयकं, बजेट, खात्यांच्या खर्चाच्या मागण्या, ते साधारण संध्याकाळी ६ पर्यंत, आणि वेळ वाढवली तर रात्रीपर्यंत. शुक्रवारी दुपारी साडेतीनपासून अडीच तास खासगी सदस्यांचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या विधेयकांचं-ठरावांचं कामकाज. कागदावरचा दिवस हा असा. प्रत्यक्षात ११ ला घोषणा सुरू झाल्या की ११.०५ ला तहकूब, १२ ला परत भरलं, कागद ठेवून झाले, परत तहकूब २ पर्यंत, आणि २ ला आवाजी मतदानाने एखादं विधेयक मंजूर होऊन दिवसासाठी तहकूब, असंही होतं. तुम्ही बघितलेले दिवस बहुतेक याच जातीचे असणार.

आता प्रश्नोत्तराचा तास. आपल्या विधानसभेमुळे तारांकित-अतारांकित हे शब्द तुम्हाला माहीत असतीलच. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकितला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि खासदाराला दोन उपप्रश्न विचारता येतात, त्यानंतर अध्यक्ष बाकीच्यांना संधी देतात, त्यामुळे तासाभरात पाच-सहा प्रश्नांच्या पुढे गाडी क्वचितच जाते. २०१९ च्या नोव्हेंबरात एक दिवस असा आला की यादीतले सगळे २० तारांकित झाले, तर त्याची बातमी झाली, कारण तसं १९७२ नंतर झालंच नव्हतं म्हणे. तर तारांकितमध्ये नंबर लागणं, तोही पहिल्या पाचात, आणि त्या दिवशी गोंधळ नसणं, हे सगळं जुळून यायला नशीब लागतं. नशीब अगदी शब्दशः, कारण कोणाचा प्रश्न कितव्या नंबरला हे बॅलटने ठरतं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखंच. एका खासदाराला एका दिवसासाठी तारांकित-अतारांकित मिळून पाचच नोटिसा देता येतात आणि त्यातला तारांकित म्हणून यादीत लागतो जास्तीत जास्त एक.

पण आमच्यासारख्यांचा भरवसा असतो तो अतारांकितवर. याचं उत्तर लेखी येतं आणि पटलावर ठेवलं जातं, खासदार त्या दिवशी सभागृहात नसला तरी चालतं, सभागृह पाच मिनिटांत तहकूब झालं तरी उत्तर येतंच. तारांकितांपैकी जे तोंडी घेता आले नाहीत त्यांचीही उत्तरं लेखी मानून छापली जातात. २०२० च्या सप्टेंबरात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, तेव्हा सुद्धा अतारांकितची लेखी उत्तरं चालू होती. म्हणून मी कुठल्याही स्थानिक विषयाला आधी अतारांकित टाका असंच सांगतो. खासदारांना हे पटवणं मात्र अवघड असतं, कारण त्याची व्हिडिओ क्लिप निघत नाही आणि क्लिप नाही तर मतदारसंघात सांगणार काय. यात चूक फक्त त्यांचीच आहे असं नाही, आपण पण क्लिपच बघतो.

बाहेरून एक गोष्ट दिसत नाही. प्रश्न मंजूर झाला की तो मंत्रालयात जातो, रेल्वेचा असेल तर रेल्वे बोर्डात, तिथून झोनला, झोनकडून डिव्हिजनला. "पार्लमेंट क्वेश्चन आहे" म्हटलं की ती फाईल बाकी सगळ्या फायलींच्या वर येते, कारण उत्तराची तारीख ठरलेली असते आणि मंत्र्याच्या सहीने सभागृहात चुकीची माहिती गेली तर पुढे सगळ्यांनाच त्रास. तुमच्या निवेदनावर जो क्लार्क सहा महिने बघत नाही तोच माणूस त्या स्टेशनची तिकीटविक्री एका दिवसात काढून देतो. अतारांकित प्रश्नाची खरी ताकद ही आहे, उत्तरात काय लिहून येतं ते नंतरचं.

आणि आता ती गोष्ट जिच्यात मला वाटतं तुमचा विषय अडकला असेल. प्रश्नाची नोटीस उत्तराच्या तारखेच्या किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. शिवाय सगळी मंत्रालयं पाच गटांत वाटलेली असतात, सोमवार ते शुक्रवार एकेक गट, आणि त्या मंत्रालयाचा प्रश्न त्याच वारी. रेल्वे गेली काही वर्षं लोकसभेत बुधवारी येते. आता हिवाळी अधिवेशन तीन-सव्वातीन आठवड्यांचं धरा, म्हणजे रेल्वेचे बुधवार तीन. सोमवारी अधिवेशन सुरू झालं तर पहिल्या दोन बुधवारांच्या नोटिशीची मुदत अधिवेशनाच्या आधीच संपलेली असते, आणि तिसऱ्या बुधवारची साधारण पहिल्याच दिवशी संपते. तुम्ही निवेदन कधी दिलंत ते लिहिलेलं नाही, पण "या अधिवेशनात मांडतो" हे वाक्य बहुतेक वेळा अधिवेशन सुरू असताना शनिवार-रविवारी मतदारसंघात आलेल्या खासदाराच्या तोंडून येतं, आणि तसं असेल तर प्रश्नाचा मार्ग त्या क्षणी बंद झालेला होता. साहेबांच्या मनात असो नसो.

मग उरतात शून्य प्रहर आणि ३७७.

शून्य प्रहर नियमांच्या पुस्तकात कुठेच नाही, आपल्याकडे प्रथेने तयार झालेला प्रकार आहे. खासदाराने ठरलेल्या वेळेत नोटीस टाकायची, रोजच्या रोज बॅलट होतं, साधारण २० जणांची यादी निघते, बाकीच्यांना अध्यक्षांनी वेळ दिला तर. रेल्वेच्या वेटिंग तिकिटासारखं आहे, चार्ट लागेपर्यंत काही खरं नाही, फरक एवढाच की इथे आजचं वेटिंग उद्याला चालत नाही, उद्या परत नवीन नोटीस. नंबर लागला तर दीड-दोन मिनिटं, त्यात "माननीय अध्यक्ष महोदय" आणि मतदारसंघाचं नाव घेण्यातच वीस सेकंद जातात, आणि वेळ संपली की माईक बंद. मंत्र्याने उत्तर द्यायचं बंधन नाही, समोर बसलेला मंत्री बऱ्याचदा भलत्याच खात्याचा असतो. आणि गोंधळ झाला की शून्य प्रहर सगळ्यात आधी जातो. अध्यक्ष मनावर घेतात तेव्हा उलटही होतं, २०१९ च्या जुलैमध्ये ओम बिर्लांनी एके दिवशी रात्री उशिरापर्यंत सभागृह चालवून दीडशेहून जास्त खासदारांना शून्य प्रहरात बोलू दिलं होतं. पण त्यावर प्लॅन करता येत नाही.

३७७ मला त्यापेक्षा जास्त आवडतं. खासदाराने २५० शब्दांच्या आतला मजकूर द्यायचा, मंजूर झाला की तेवढाच वाचायचा, दिवसाला साधारण २० विषय, एका सदस्याला आठवड्यात एकच, आणि पक्षांच्या संख्येप्रमाणे वाटणी. सभागृहात गोंधळ असला तर अध्यक्ष सांगतात की ३७७ चे विषय पटलावर ठेवले असं समजावं, म्हणजे वाचलं नाही तरी रेकॉर्डवर येतं. आणि मुख्य म्हणजे मंत्रालयाकडून खासदाराला लेखी उत्तराचं पत्र येतं. उशिरा येतं, पण येतं. तुमच्या खासदारांनी ३७७ खाली विषय पटलावर ठेवलेला असेल तर टीव्हीवर काहीच दिसणार नाही, आणि तरी विषय मांडला गेलेला असेल. म्हणून शिव्या द्यायच्या आधी तपासा.

लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव, नियम १९३ ची चर्चा ही नावं पण तुम्ही ऐकली असतील. एका स्टेशनच्या थांब्यासाठी ती नाहीत, वेळ घालवू नका. विधानसभेत रोज लक्षवेधी बघायची सवय असते म्हणून लोक विचारतात, लोकसभेत लक्षवेधी आता फार कमी होतात. स्थगन प्रस्तावाच्या नोटिसा रोज पडतात आणि रोज १२ वाजता अध्यक्ष एका वाक्यात सांगतात की एकही मंजूर केलेली नाही. नोटीस देणाऱ्यालाही ते माहीत असतं. त्या नोटिशीचा फोटो सकाळी साडेनऊला व्हॉट्सअॅपवर फिरला की तिचं काम झालं.

रिकाम्या बाकांचं बोलू. गणपूर्ती म्हणजे सभागृह चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण सदस्यांच्या एक दशांश, लोकसभेत ५५. दुपारी जेवणानंतर एखाद्या विधेयकावर चर्चा चालू असताना कधीकधी तेवढेही नसतात, आणि जोवर कोणी बोट दाखवत नाही तोवर घंटा वाजत नाही, हा सगळ्या पक्षांचा आपापसातला समजूतदारपणा आहे. मला हे बरोबर वाटतं असं नाही. पण बाहेर असलेला प्रत्येक खासदार झोपा काढतोय असं पण नाही, कोणी स्थायी समितीच्या बैठकीला, कोणी मतदारसंघातलं शिष्टमंडळ घेऊन मंत्र्याकडे, कोणी आपल्या बोलायच्या वेळेची वाट बघत लॉबीत. खात्यांशी जोडलेल्या या समित्या १९९३ मध्ये, आपले लातूरचे शिवराज पाटील अध्यक्ष होते तेव्हा सुरू झाल्या, तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य. तिथे कॅमेरा नसतो, आणि म्हणून की काय, तिथे वेगवेगळ्या पक्षांचे लोक एकमेकांशी बऱ्यापैकी शहाण्यासारखं बोलतात. रेल्वेच्या समितीत तुमच्या भागातला कोणी असेल, मग तो शेजारच्या जिल्ह्याचा का असेना, तर त्याला गाठणं फायद्याचं.

आणि बोलायला वेळ का मिळत नाही, तर कुठल्या विषयाला किती तास हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि ते तास पक्षांच्या संख्येप्रमाणे वाटले जातात. चार तासांची चर्चा म्हणजे २४० मिनिटं, ५४३ सदस्य, आठ खासदारांच्या पक्षाच्या वाट्याला हिशेबाने साडेतीन मिनिटं येतात. ती सुद्धा पक्ष ज्याचं नाव देईल त्याला. रेल्वेच्या मागण्यांवर चर्चा असते तेव्हा सगळ्यांनाच आपापल्या स्टेशनवर बोलायचं असतं, ती चर्चा कधीकधी मध्यरात्रीपर्यंत जाते आणि तेव्हा बोललेल्यांची क्लिप बघणारं जागं कोणी नसतं. मोठ्या पक्षाच्या नवख्या खासदाराची तर अजून पंचाईत, संख्या जास्त म्हणून वेळ जास्त, पण रांग पण तेवढीच मोठी.

इतकं वाचलंत, तर आतापर्यंतचं एका दमात सांगतो: अतारांकित प्रश्न गोंधळातही टिकतो पण १५ दिवस आधी टाकावा लागतो, ३७७ पण टिकतं पण आठवड्याला एकच, शून्य प्रहर ऐनवेळी जमतो पण नशिबावर, आणि बाकीचं तुमच्या कामाचं नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिलं, तुमचे खासदार मंत्री आहेत का? असतील तर ते प्रश्न विचारूच शकत नाहीत, शून्य प्रहर नाही, ३७७ नाही, कारण ते स्वतःच सरकार आहेत. खासदारांच्या कामाचे आकडे ठेवणाऱ्या पीआरएससारख्या संस्थांच्या साइटवर मंत्र्याच्या नावापुढे प्रश्नांचा आकडा नसतो आणि लोक त्याचा स्क्रीनशॉट टाकून "बघा एकही प्रश्न नाही" म्हणतात, ते चुकीचं आहे. मंत्री असेल तर त्याने थेट रेल्वेमंत्र्याला पत्र द्यावं, ते जास्त चालतं. दुसरं, सत्ताधारी बाकांवरचे असतील तर काहींना सरकारला अडचणीचा प्रश्न विचारणं नको वाटतं, पण थांब्याच्या प्रश्नात कसली आलीये अडचण, ते कारण कोणी दिलं तर ऐकून घेऊ नका. तिसरं, राज्यसभा. लोक हे साफ विसरतात. महाराष्ट्रातून १९ जण राज्यसभेत असतात आणि कुठल्याही स्टेशनचा प्रश्न विचारायला त्यांना कोणी अडवलेलं नाही. तिथे शून्य प्रहर सकाळी ११ ला आणि प्रश्न १२ ला असतात, आणि ३७७ च्या जागी विशेष उल्लेख नावाचा तसाच प्रकार आहे. रेल्वेचा वारही वेगळा. म्हणजे एकाच आठवड्यात दोन्ही सभागृहांत तोच विषय जाऊ शकतो, आणि डिव्हिजनच्या टेबलावर एकाच स्टेशनचे दोन पार्लमेंट क्वेश्चन आले की तिथला माणूस जरा सरळ होऊन बसतो.

प्रश्न कसा लिहायचा ही खरी कला आहे आणि इथे निम्मे प्रश्न वाया जातात. "सरकार अमुक गाडीला थांबा देण्याचा विचार करत आहे का" असं विचारलं तर उत्तर काय येणार हे मी झोपेत सांगतो: थांबे देणं ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे आणि ती परिचालनाची व्यवहार्यता, प्रवाशांची संख्या वगैरेंवर अवलंबून असते. पुढच्या भागात "असल्यास तपशील काय" विचारलं असेल तर "प्रश्न उद्भवत नाही". झालं, तुमचं अधिवेशन संपलं. त्याऐवजी आकडे आणि तारखा मागायच्या. मार्च २०२० आधी या डिव्हिजनमध्ये कुठल्या कुठल्या स्टेशनांवर थांबे होते जे अजून परत दिलेले नाहीत, त्यांची यादी. त्यातल्या या स्टेशनवर बंद होण्याआधीच्या दोन वर्षांत वर्षागणिक किती तिकिटं विकली गेली. थांबा परत देण्याचा प्रस्ताव झोनकडून बोर्डाकडे कोणत्या तारखेला गेला, त्यावर निर्णय काय, कारण काय. याला "प्रश्न उद्भवत नाही" म्हणता येत नाही. आणि एका स्टेशनऐवजी डिव्हिजनची यादी मागितली की विषय फारच बारीक आहे म्हणून प्रश्न उडायची भीती पण कमी होते. सगळं मिळून १५० शब्दांत बसवायचं, टोमणे-आरोप-युक्तिवाद काही नको, नाहीतर सचिवालय कापतं किंवा नामंजूर करतं. कोर्टात असलेला विषय नको. नोटीस हिंदी किंवा इंग्रजीत टाकतात, सभागृहात मात्र खासदार मराठीत बोलू शकतात, दुभाष्यांची सोय आहे, आणि बोलावंही, पण आपल्याकडचे बरेच जण हिंदीतच बोलतात कारण मंत्र्याने थेट ऐकावं असं त्यांना वाटतं.

कुठल्या मंत्रालयाला विचारायचं यात पण लोक गंडतात. तुमचं रेल्वे आहे म्हणून सोपं आहे. कांद्याचं बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, तो निर्णय अर्थ मंत्रालयाच्या नोटिफिकेशनने, डिसेंबरात निर्यातबंदी आली ती वाणिज्य मंत्रालयाकडून, नाफेडच्या बफर स्टॉकची खरेदी ग्राहक व्यवहार खात्याखाली, आणि लागवड-उत्पादनाचे आकडे कृषी मंत्रालयाकडे. नाशिक-नगरकडच्या एखाद्या खासदाराने कृषी मंत्रालयाला शुल्क कधी काढणार असं विचारलं तर तो प्रश्न एकतर दुसऱ्या मंत्रालयाकडे ढकलला जातो, म्हणजे वार बदलतो, नाहीतर उत्तर गोलगोल येतं. त्या काळात ज्यांच्या ऑफिसांनी चारही मंत्रालयांना वेगवेगळे प्रश्न टाकले त्यांच्या हातात खरेदीचे आकडे, निर्यातीचे आकडे, शुल्काच्या तारखा असं सगळं जमा झालं, आणि मग दोन मिनिटांच्या भाषणातही ते आकडे सरकारवरच टाकता आले.

उत्तर आल्यावर काम संपत नाही, आणि हे फार कमी लोक करतात. उत्तरात "विचाराधीन आहे", "माहिती गोळा केली जात आहे", "तपासून बघितलं जाईल" असं काही असेल तर ते सहसा आश्वासन म्हणून नोंदलं जातं. आश्वासनांवर लक्ष ठेवणारी लोकसभेची वेगळी समिती आहे आणि मंत्रालयाने ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, नाही जमलं तर मुदतवाढ मागावी लागते, आणि समिती सचिवाला समोर बोलावू शकते. म्हणून उत्तर लिहिणारे अधिकारी असे शब्द टाळायचा आटोकाट प्रयत्न करतात. एखादा चुकून राहिला की मी तो लाल पेनाने गोल करून ठेवतो, तीन महिन्यांनी विचारायला.

तपासायचं कसं? संसद डॉट इन वर जा, लोकसभा, सदस्यांच्या यादीत तुमच्या खासदारांचं नाव, तिथे त्यांनी विचारलेले प्रश्न उत्तरांसकट पीडीएफमध्ये मिळतात, आणि भाषणं, शून्य प्रहर, ३७७ हे वादविवादाच्या भागात सापडतं. रेल्वे मंत्रालय आणि अधिवेशन निवडून शोधा. एक लक्षात ठेवा, एकाच विषयाचे प्रश्न एकत्र करून पाच-सहा खासदारांची नावं एका उत्तरावर येतात, त्यामुळे फक्त शीर्षकं चाळू नका, पीडीएफ उघडा. तिथे काहीच नसेल, तरी टाकलेली नोटीस बॅलटमध्ये गेली असण्याची शक्यता राहते, ती साइटवर दिसत नाही. अशा वेळी ऑफिसात सरळ विचारा की नोटीस कोणत्या तारखेला टाकली आणि कॉपी द्या. ज्यांनी टाकली त्यांच्याकडे कॉपी असतेच. "हो हो, टाकली होती" एवढंच उत्तर आलं तर काय समजायचं ते समजा.

आणि लोकसभेच्या बाहेरचंही सांगतो, कारण थांब्यासारखी कामं खरं तर तिथेच होतात, मुळात थांबा बोर्ड देतं, सभागृह नाही. खासदाराचं पत्र मंत्रालयात गेलं की १५ दिवसांत पोच आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत उत्तर द्यावं असे केंद्र सरकारचे स्वतःचे आदेश आहेत. पाळले जातात असं म्हणणार नाही, पण पोच आली की तिच्या नंबरावर पाठपुरावा करता येतो. झोनचे महाव्यवस्थापक त्या भागातल्या खासदारांची बैठक घेतात, तिथे विषय लेखी गेला तर त्याचं लेखी उत्तर तयार करावं लागतं. आमचा क्रम असा असतो, आधी पत्र, मग प्रश्न टाकून आकडे बाहेर काढायचे, ते आकडे घेऊन परत पत्र आणि महाव्यवस्थापकांची बैठक, आणि एवढं करून नाहीच झालं तर शून्य प्रहर. बहुतेक लोक शून्य प्रहरापासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात.

तर तुम्ही आता काय करा. बजेट अधिवेशन ३१ जानेवारीच्या आसपास सुरू होतं, मधे सुट्टी घेऊन एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतं, म्हणजे बुधवार बरेच मिळतात, तीनही अधिवेशनांत सगळ्यात जास्त. अधिवेशनाचं समन्स निघालं की खासदारांच्या ऑफिसात कोणत्या तारखेला कोणतं मंत्रालय आणि नोटिशीची शेवटची तारीख कोणती याचा तक्ता येतो. त्याच्या आधी, म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीलाच, दिल्लीच्या ऑफिसात संसदेचं काम कोण बघतं त्याचं नाव काढा. मतदारसंघातल्या ऑफिसला दिलेलं निवेदन दिल्लीला पोचेलच असं नाही, तिथे रोज शंभर निवेदनं येतात, लग्नपत्रिकांसकट. त्या माणसाला एक पानाचा कागद पाठवा: गाडीचा नंबर, थांबा कधीपासून बंद, आधी किती वाजता गाडी थांबायची, जवळचं दुसरं स्टेशन किती किलोमीटरवर, कॉलेज-बाजारपेठ-दवाखान्याला जाणारे अंदाजे किती लोक, आधीच्या पत्रांच्या तारखा. सह्यांचा गठ्ठा खासदारांना द्या, तो त्यांना लागतो, पण दिल्लीच्या माणसाला हे एक पान द्या. शक्य असेल तर वर सांगितले तसे तीन-चार प्रश्न तुम्हीच मराठीत लिहून द्या, तयार मसुदा हातात आला की तो टाकायला दहा मिनिटं लागतात आणि खरं सांगायचं तर आम्ही पण माणसंच आहोत, तयार असलेलं आधी जातं.

रस्त्याचा विषय मात्र त्या कागदातून काढून टाका. तो राष्ट्रीय महामार्ग असेल तर वेगळा प्रश्न, वेगळं मंत्रालय, वेगळा वार. राज्य मार्ग किंवा जिल्हा परिषदेचा रस्ता असेल तर लोकसभेत तो प्रश्न राज्याचा विषय म्हणून नामंजूर होतो, आणि दोन्ही विषय एकाच निवेदनात असले की वाचणारा पूर्ण निवेदन "राज्य सरकार" असा शेरा मारून बाजूला ठेवतो, हे मी किती वेळा बघितलंय. त्यासाठी तुमच्या आमदारांना धरा. विधानसभेचं बजेट अधिवेशन पण त्याच सुमारास मुंबईत असतं, आणि तिथे लक्षवेधी अजून चालते.